फरशीवरचा पाय

मृग लागायच्या आधी एक बाई आमच्या कृत्रिम हातपायांच्या केंद्रात आली होती. पन्नाशीची, काटक, लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, काखेत कुबड्या. मागच्या एका पावसाळ्यात निंदताना तिला घोणस डसली. गावातल्यांनी पोटरीला दोरी आवळली, आधी मारुतीच्या पारावर नेलं, मग दवाखान्यात. तोवर पाऊल काळं पडलं होतं. हे सगळं तिनं रेशनकार्डाचा नंबर सांगावा तसं एका दमात सांगून टाकलं आणि माझ्याकडे बघत बसली. मी नेहमीसारखी उठले आणि सलवार टोंगळ्यापर्यंत वर केली. नव्या माणसासमोर मी हे करतेच. डावा पाय जन्माचा, उजवा आमच्याच कार्यशाळेत केलेला. एरवी हे पाहिल्यावर समोरच्याचा चेहरा सैल पडतो. सोबत आई आलेली असेल तर ती तोंडाला पदर लावते, पुरुष असेल तर आधी दुसरीकडे बघतो आणि मग चोरून पुन्हा बघतो. या बाईनं यातलं काहीच केलं नाही. तिनं वाकून माझ्या पायाला हात लावला, बोटाच्या पेरानं टकटक वाजवून पाहिलं, मला दारापर्यंत जाऊन परत यायला सांगितलं. मी जाऊन आले. "म्याडम, पाय मस्त हाये तुमचा," ती म्हणाली. "पन हा फरशीवरचा पाय हाये. मले निंदाचा पाय पाह्यजे."

मी हसले. मापासाठी तारीख दिली, ती गेली. वाक्य मात्र गेलं नाही.

संध्याकाळी एसटीत खिडकीशी बसले तर बाहेर वावरंच वावरं. वखरून ठेवलेली काळी जमीन, धुऱ्यावर जाळलेल्या पऱ्हाटीची राख, झाडाखाली उभी केलेली बंडी. माझं बालपण याच मातीत गेलंय, दारव्ह्याकडच्या एका लहानशा गावात. मला डवरणी माहीत आहे, कापूस वेचताना वाळलेल्या बोंडाची टोकं नखांत कशी रुततात ते माहीत आहे. तरी त्या बाईनं दारापर्यंतच्या माझ्या चालण्यावरून ओळखलं की ही आता मातीत उतरत नाही. आणि तिचं खरंच होतं. गावी गेले की मी अंगणापर्यंत जाते. वावरात जायची वेळ आली की मला काहीतरी काम निघतं. पाय खराब होईल, पट्टा भिजेल, अशी कारणं मी देते आणि घरचे ती मानतात. पाय नसलेल्या माणसाची कारणं कुणी तपासून बघत नाही.

मी सातवीत होते. कापूस वेचणीचे दिवस होते आणि मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून घरी येत होते. दादा चालवत होता. धुरा उतरताना ट्रॅक्टर तिरपा झाला आणि मी खाली गेले. त्यापुढचं फार सांगता येत नाही, सांगावंसंही वाटत नाही. डिझेलचा वास, आणि ट्रॉलीतला कापूस ओढून माझ्या पायावर दाबणारे आईचे हात, एवढंच आहे. दादानं त्यानंतर कुणालाही मडगार्डवर बसू दिलं नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं आजवर एकमेकांशी बोललेलो नाही. तो मला बसस्टँडवर सोडायला येतो, बॅग उचलतो, गाडी सुटेपर्यंत थांबतो.

टोंगळ्याखाली वीतभर पाय उरला. पण गेलेला भाग गेल्यासारखा वाटायचाच नाही. रात्री अंगठ्याला खाज सुटायची. टाच मुरगळल्यासारखी दुखायची आणि ती सरळ करायला टाचच नसायची. पुढे अभ्यासात कळलं की अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना तपासणाऱ्या सायलस विअर मिचेल या डॉक्टरनं १८७१ मध्येच याबद्दल लिहून ठेवलंय, आणि १९९० च्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी त्यावर साध्या आरशाचा उपाय काढला: शाबूत हाताचं किंवा पायाचं प्रतिबिंब असं दाखवायचं की गेलेला अवयव जागेवर आहे आणि हलतोय असं मेंदूला वाटावं. आमच्या घरी ना मिचेल पोचला होता ना आरसा. आई झोपेतून उठायची आणि चादरीवर, जिथं पाऊल असायला हवं होतं तिथं, नखांनी खाजवायची. मला बरं वाटायचं. का बरं वाटायचं हे आज मी पेशंटला समजावून सांगू शकते. पण आईला ते कुणी सांगितलं होतं?

पहिला पाय तालुक्याला भरलेल्या शिबिरात मिळाला, जयपूर फूट. बाबांनी तो हातात घेऊन उलटसुलट फिरवला आणि म्हणाले, "हा तं पाईप हाये." बरोबरच होतं. स्प्रिंकलरचे पाईप ज्या प्लास्टिकचे असतात त्याच एचडीपीईच्या पाईपाला भट्टीत तापवून साच्यावर चढवतात, आणि खाली रबराचं पाऊल बसवतात. १९६८ मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात रामचंद्र शर्मा या कारागिरानं आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ते पाऊल घडवलं. त्याआधी मिळणारं पाऊल घोट्यात कडक होतं, आत लाकूड, वरून बूट घालायचं. आपल्याकडे माणूस देवळात अनवाणी जातो, पाटावर मांडी घालून जेवतो, परसाकडे उकिडवा बसतो. त्या बुटाच्या पायाचं तो काय करणार? बरेचजण तो खुंटीला टांगायचे आणि कुबड्या घ्यायचे. जयपूरच्या पावलाला बूट लागत नाही, ते पाण्यात चालतं आणि घोट्यात वाकतं. सेठींना पुढे १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं नाव आमच्या क्षेत्राबाहेर फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. हातानं काम करणाऱ्याचं नाव मागं पडायची आपल्याकडे सवयच आहे.

त्या पायानं मी शाळेत गेले. वाढत्या वयात कापलेल्या हाडाचं टोक सुळक्यासारखं पुढे वाढतं, तसं माझंही वाढलं, पुन्हा ऑपरेशन झालं, पुन्हा नवा पाय. दर वेळी नवं सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ते कवच, आणि दर वेळी नव्या जागी फोड. एकदा एका शिबिरात सॉकेट घालून पाहिलं तर नडगीच्या कडेला आग आग होत होती. तिथल्या तंत्रज्ञांना मी सांगितलं. ते म्हणाले, सवय होईल. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं की हे काम मला यायला पाहिजे. कुणाची सेवा वगैरे करायचं डोक्यात नव्हतं. राग होता, एवढंच.

आता जे लिहिणार आहे ते मी आईसमोर बोलत नाही, आणि पेशंटसमोर तर नाहीच.

पाय गेला म्हणून मी सुटले. माझ्या काकांची मुलगी माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा हुशार, गणितात तर फारच. बारावीची परीक्षा झाली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. माझ्यासाठी कुणी स्थळ घेऊन आलं नाही. घरात त्याची काळजी होती, शेजारीपाजारी हळहळत होते, आणि मी बारावीचं पुस्तक उघडून बसले होते. पोरीला कोणी करून घेणार नाही तर शिकू द्या, निदान पायावर उभी राहील, असं आमच्या मामांनी म्हटलं आणि म्हटल्यावर स्वतःच ओशाळले. असं करत मी मुंबईला पोचले. हाजी अलीच्या संस्थेत, प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्सच्या, म्हणजे नकली हातपाय आणि आधाराचे पट्टे-साधनं करायच्या पदवीला, इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं. चुलतबहीण आज तिच्या सासरी आठ एकर सांभाळते. दिवाळीत भेटलो की ती पाय पसरून बसते आणि माझं लक्ष आपोआप तिच्या टाचांकडे जातं. भेगांमध्ये काळी माती बसलेली, घासूनही न निघणारी. "काय पाहून राह्यली माये पाय?" असं ती विचारते. मी म्हणते, सवय झाली गं, धंद्याची.

मुंबईत एक शोध लागला. सपाट जमिनीवर मी लंगडत नव्हते. गावात ढेकळं, नाल्या, दगड, गोठ्यातला उतार. तिथं माझं प्रत्येक पाऊल आधी डोळ्यानं टाकावं लागायचं. इथं रेल्वेच्या फलाटावर, कॉरिडॉरमध्ये, दुकानात मी बाकीच्यांसारखी चालायचे आणि फुलपँट घातली की कुणाला कळायचंही नाही. लोकल पकडताना मला धक्के बसायचे आणि ते धक्के मला आवडायचे, कारण ते देणाऱ्यानं माझ्यात वेगळं काही पाहिलेलं नसायचं.

काम मात्र सगळं हाताचं. स्टम्पवर, म्हणजे कापून उरलेल्या भागावर, स्टॉकिनेटचा ताणला जाणारा मोजा चढवायचा, कॉपिंग पेन्सिलनं हाडांच्या जागा खुणावायच्या, वरून प्लास्टरचं ओलं बँडेज गुंडाळायचं आणि ते आवळेपर्यंत दोन्ही अंगठे टोंगळ्याच्या वाटीखालच्या शिरेवर दाबून धरायचे. प्लास्टर आवळताना गरम होतं. त्या चार-दोन मिनिटांत समोरचा माणूस एकतर अगदी गप्प होतो नाहीतर घरातलं सगळं सांगून टाकतो. सुनेनं दिलेलं शिळं, भावानं परस्पर नावावर केलेलं वावर. साचा काढून त्यात प्लास्टर ओतलं की स्टम्पची पांढरी प्रतिकृती मिळते, पेन्सिलच्या खुणा तिच्यावर उतरलेल्या. मग घासकाम. जो भाग वजन सोसतो तिथून प्लास्टर काढायचं. नडगीची धार, बाहेरच्या हाडाचा गोळा, कापलेलं टोक, म्हणजे जिथं सोसत नाही, तिथं चढवायचं. त्यावर तापवलेली पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची शीट ओढली की सॉकेट. किती घासायचं हे पुस्तकात असतं, पण दुपारी स्टम्प आटतो, सॉकेट ढिलं पडतं आणि वाटीखाली बसलेला भार सरकून नेमका टोकावर येतो, ते मला पुस्तकाआधी माहीत होतं. माझ्या पर्समध्ये जास्तीचा एक मोजा कायम असतो. स्वतःच्या स्टम्पचा साचा मात्र स्वतःला धड घेता येत नाही, त्यासाठी सहकाऱ्यासमोर पाय सोडून बसावं लागतं. तेव्हा मीही खूप बोलते म्हणे.

आमच्याकडे कोण येतं? मोटारसायकलवरून पडलेली पोरं, साखरेनं पाय सडलेले मास्तर आणि पाटील, कडबाकुट्टीत हात गेलेले, करंट लागलेले. गोंदिया-गडचिरोलीकडचे तरुणही येतात, बिडीनं पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडलेले; बर्जरचा आजार. यांना तंबाखू सोडायला सांगावं तर मान हलवतात आणि बाहेर जाऊन पेटवतात. दुसरा पायही जाईल असं सांगितलं तरी. मी चिडते, मग माझ्या मामांचा खर्रा आठवतो आणि गप्प बसते. या सगळ्यांना मी माझा पाय दाखवते. सरकारी शिबिरात तर साहेब लोक मला मुद्दाम पुढे बोलावतात, बघा, या मॅडम बघा, कशा चालतात. मी त्या हॉलच्या गुळगुळीत फरशीवर चालून दाखवते, टाळ्या पडतात. मला आवडतं का? कधी आवडतं. कधी वाटतं, माझी पदवी भिंतीवर टांगलीय, पुनर्वास परिषदेची नोंदणी टांगलीय, आणि तरी लोकांचा विश्वास सलवार वर केल्यावरच बसतो.

निंदणाऱ्या बाईच्या मापाच्या दिवशी मी तिला विचारलं, निंदताना नेमकं कसं बसता? ती माझ्याकडे बघतच राहिली. हे काय विचारायचं? मग तिनं कुबड्या भिंतीला टेकवल्या, खुर्चीचा आधार घेतला आणि उरलेल्या पायावर उकिडवी बसून दाखवलं. प्रश्न पावलाचा नव्हताच. पाऊल वाकतं, सॉकेट वाकत नाही. आम्ही टोंगळ्याखालच्या पायासाठी जे सॉकेट करतो त्याची मूळ पद्धत १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात बर्कलेला बसवली गेली, आणि तिथला माणूस खुर्चीवर बसतो. टोंगळा काटकोनात वाकला की त्याचं भागतं. आपली बाई त्याच्या पुढे जाते आणि तिथं सॉकेटची मागची कड टोंगळ्यामागच्या शिरांत रुतते. ती कड उतरवावी तर उभं राहताना मागून मिळणारा रेटा जातो, स्टम्प मागे सरकतो आणि वाटीखाली बसायचा भार भलतीकडे जातो. म्हणजे बसायला सोपं करावं तर उभं राहणं बिघडतं. तिचा स्टम्प बरा लांब होता म्हणून वाव होता. मी कड थोडी उतरवली, दोन्ही बाजूंच्या शिरांना खाचा दिल्या, काठ बाहेर वळवला, आत पेलाइटच्या मऊ फोमचं अस्तर जरा जाड ठेवलं.

आणि माती राहिलीच. आमच्या काळ्या मातीला दोन्ही ऋतूंत सांभाळावं लागतं. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, कुबडीचं टोक त्यात जातं आणि माणूस तोंडावर पडतो. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये घामानं मोजा निथळतो आणि कातडी सोलते. पावसाळ्यात तीच माती फुगते, प्रत्येक पावलाला गोळा चिकटतो, आणि पाय उचलावा तर चिखल नकली पाय धरून ठेवतो, माणूस तेवढा वर येतो. फरशीवर हे काही घडत नाही.

ट्रायल मी पॅरलल बारमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना धरायला असलेल्या दांड्यांमध्ये, घेतली आणि मग तिला केंद्राच्या मागच्या आवारात नेलं. तिथं गाजरगवत माजलं होतं. चौकीदाराकडून ईळा आणला. ती आधी नुसती उभी राहिली, टाच जमिनीत दाबून पाहिली, आणि मग बसली. पूर्ण नाही. चांगल्या पायावर उकिडवी, नकली पाय अर्धा वाकवून बाजूला तिरपा सोडलेला. तशीच सरकत सरकत, डाव्या हातानं झुडूप धरून उजव्यानं कापत ती भिंतीपर्यंत गेली. मी जे बसणं गृहीत धरून कड कापली होती तेवढं तिला लागलंच नाही. लागलं ते वेगळंच, पाय बाजूनं ओढताना सॉकेट निसटायला नको होतं. पट्ट्याची जागा बदलली. भिंतीपाशी पोचल्यावर तिनं वळून हाक मारली, "म्याडम, या न तुमी बी, बसून पाहा." फिजिओवाले, चौकीदार, रांगेतले पेशंट सगळे बघत होते. मी बसायला गेले आणि अर्ध्यात अडकले. माझ्या सॉकेटची मागची कड उंच आहे, चालताना छान आधार देणारी. ती बाई इतकी हसली की तिला ईळा खाली ठेवावा लागला. मग मीही हसले. चौकीदार म्हणाला, मॅडम, आता उठवू का?

महिन्याभरानं तिचा फोन आला. पाय चांगला आहे, पण वेल्क्रोत कुसळं भरतात आणि पट्टा उघडा पडतो. चामड्याचा पट्टा, बक्कल लावून दिलं. पुढच्या फोनला बक्कलमध्ये चिखल. आता तिनं स्वतःच सुतळीचा फास बसवलाय, आणि तो आमच्या कुठल्याही पट्ट्यापेक्षा नीट धरतो, हे मी तपासून पाहिलंय. पण एक प्रश्न मला तिला विचारायचा होता तो मी विचारला नाही. आजकाल तणनाशक मारतात, निंदणाचं काम तसंही कमी होत चाललंय. आणि जिथं साप डसला तिथंच परत जायची एवढी ओढ का? मला तर त्या मातीतून निघायला एक पाय द्यावा लागला. मी दिवसभर बसून लोकांना तिकडेच परत पाठवायची साधनं घासत असते. चांगल्या कामाचा आनंद होतो, खोटं कशाला बोलू. पण कधी सॉकेटचा काठ गुळगुळीत करताना हात थांबतो.

नागपंचमीला घरी गेले तेव्हा आईला हे सगळं सांगितलं. आई ओट्यावर बसून टोंगळ्यांना तेल चोळत होती. तिचे दोन्ही टोंगळे निंदण्यानंच गेलेत. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू निंदलं असतं का?"

"नाही," मी म्हटलं. फार पटकन म्हटलं.

"मंग तिले काहून करून देला?"

"तिनं मागितला म्हणून."

आईनं तेलाची वाटी बाजूला सारली. "कोन्या गावची हाये ते? इचार बरं तिले, येते का आपल्याकडं. धुऱ्याकडचं निंदाचं तसंच पडलं हाये अन् मजूर भेटून नाई राह्यले."